तिसरा डावा पाय

अर्गिरोला विंचवांची किळस कधीच आली नव्हती. लोकांना मात्र तिची यायची. तिची भावजय गारिफालिया बावीस वर्षं तिच्याबरोबर एका घरात राहत होती, तरी ईस्टरचा पाव मळायला घेतला की आधी अर्गिरोच्या हातावर अर्धं लिंबू ठेवायची.

"वन्सं, रागावू नका हं. पण त्या हातांनी तुम्ही दिवसभर काय काय कापता ते मला ठाऊक आहे."

अर्गिरो रागवायची नाही. लिंबू चोळायची, हात धुवायची, पुन्हा चोळायची. मनात म्हणायची, बाई गं, ज्याला कापते तो किती नेटका असतो ते तुला कुठून कळणार! अंगाला वास नाही, पोटात एक आणि बाहेर एक असलं काही नाही. नांगी आहे तर ती उघड्यावर मिरवतो, लपवून ठेवत नाही.

क्रीट बेटावर, इराक्लियोच्या संग्रहालयात, दुसऱ्या मजल्यावरची जनुकांची खोली तिच्या ताब्यात होती. डोंगरकपारींतून, ओढ्याकाठच्या दगडांखालून धरून आणलेले विंचू तिच्या टेबलावर यायचे. प्रत्येकाचा एक पाय काढायचा, त्यातला डीएनए वेगळा करायचा, नळीत भरून वाचून घ्यायला परदेशी पाठवायचा. चार दिवसांनी अक्षरांच्या लांबच लांब ओळी परत यायच्या. त्या एकीखाली एक लावल्या की कोण कोणाचा सख्खा, कोण चुलत आणि कोण नुसताच शेजारी, ते उलगडायचं. विंचवांची नाती तोंडावळ्यावरून कळत नाहीत. दोन बेटांवरचे दोन मोठे काळे विंचू शेजारी ठेवावेत, तर एकाच आईच्या पाठीवरून उतरलेले वाटतात. अक्षरं लावून बघावीत, तर कोटभर वर्षांत दोघांच्या घराण्यांची गाठ पडलेली नसते. मध्ये समुद्र शिरलेला असतो.

त्या खोलीचा एक नेम होता आणि तो अर्गिरोने एकादशीसारखा पाळला होता. पाय काढायचा तो तिसरा डावा. विंचू लहान असो, मोठा असो, पोटुशी मादी असो, तिसरा डावाच, आणि तोही सांध्यातून, एका कातरीत. बाकीचं जनावर स्पिरिटच्या बरणीत जायचं. ते साक्षीदार. उद्या कुणी विचारलं की ही अक्षरं कुणाची, तर बरणी पुढे करायची: हा बघा, याचीच, याचा तिसरा डावा पाय नाही. मग जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात एक ओळ लिहायची. क्रमांक, गाव, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात पाय काढणाऱ्याची सही. शिकाऊ मुलांनी सही करायची नाही. एक तर खोली सांभाळणारीने, नाहीतर विभागप्रमुखाने. चार हजारांवर ओळी झाल्या होत्या. कात्री उचलण्याआधी ती क्रूसाची खूण करायची. नवी पोरं पहिल्या आठवड्यात हसायची आणि दुसऱ्या आठवड्यात, तिची खूण होईपर्यंत, आपोआप थांबायला लागायची.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचा दुसरा आठवडा होता. मंगळवारी सकाळी विभागप्रमुख द्रांदाकिस सर खोलीत आले. भरदार माणूस, आवाज खणखणीत, तोंडात कायम पुदिन्याची गोळी. बोलताना ती या गालातून त्या गालात जायची, आणि दातांवर आपटली की टक असा आवाज व्हायचा.

"अर्गिरोबाई, आनंदाची बातमी! आपला लेख घेतला त्या परदेशी मासिकाने. आता दोनच गोष्टी मागतायत. दोन हजार दोनशे सातचा फोटो, आणि पुस्तकातल्या त्याच्या ओळीची नक्कल, सहीनिशी. पुढच्या बुधवारपर्यंत."

दोन हजार दोनशे सात कोण हे त्या इमारतीत झाडूवाल्यालाही पाठ होतं. क्रीटच्या पूर्वेकडच्या एका घळीतला मोठा काळा विंचू. पोलिक्सेनी नावाची मुलगी सरांच्या हाताखाली चार वर्षं डॉक्टरेट करत होती. तिने एजियन समुद्रातल्या सगळ्या बेटांवरच्या विंचवांचा वंशवृक्ष मांडला, तेव्हा हा एक जण आपल्या गावकऱ्यांत बसेना. तो सरळ जाऊन रोडोस बेटावरच्यांच्या, म्हणजे समुद्रापलीकडच्या घराण्याच्या, मांडीवर बसला. सरांनी त्यावर काय काय रचलं होतं! समुद्र कधी शिरला त्याचा इतिहास नव्याने लिहावा लागणार होता. स्थानिक वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला होता. हातात बरणी, नजर लांब कुठेतरी.

अर्गिरोने पुस्तक उघडलं. दोन हजार दोनशे सातच्या ओळीत शेवटचा रकाना रिकामा होता. त्याच्या वरचाही. त्या आठवड्यात ती गावी गेली होती, आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला.

"मी तेव्हा इथं नव्हते, सर."

"नव्हता, पण खोली तुमची ना? पोलिक्सेनीने कापला असेल, तुम्ही शिकवलंय तसाच. एक सही तर करायची! तुमच्या एका सहीशिवाय चार वर्षं अडलीत बघा. एवढं वजन आहे बाई तुम्हाला!" टक.

"जनावर बघते आणि करते," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू असे की सर नेहमी थोडे पुढे वाकत. आज वाकले नाहीत, निघून गेले.

सही म्हणजे तिच्या लेखी शपथ. देवळात मेणबत्ती लावून खोटं बोलता येईल, असं तिला कुणी सांगितलं असतं तर ती जशी बघत राहिली असती, तशीच खोट्या सहीच्या कल्पनेकडे बघत राहिली असती. आणि जनावर बघून सही करण्यात अवघड काही नव्हतंच. तिने बरणी काढली, विंचू चिमट्याने पांढऱ्या ताटलीत ठेवला, दिवा ओढून घेतला.

डावीकडे एक, दोन, तीन, चार. उजवीकडे एक, दोन, तीन, चार.

तिने चष्मा पुसला. पुन्हा मोजले. आठ. तिसरा डावा पाय आपल्या जागी, नखासकट, शाबूत.

ज्याच्या पायातून ती जगप्रसिद्ध अक्षरं निघाली होती, त्याचा एकही पाय कधी कुणी काढला नव्हता.

तिने शेजारची बरणी काढली. दोन हजार दोनशे सहा, रोडोसचा. त्याचा तिसरा डावा पाय सांध्यातून स्वच्छ कापलेला, आणि दुसरा उजवाही नव्हता. तो कापलेला नव्हता. मऊ पडून मुळापासून निसटला होता. मग तिने दोघांच्या अक्षरांच्या ओळी छापून एकीखाली एक धरल्या आणि पट्टी सरकवत गेली. एका झऱ्यावरच्या दोन विंचवांत चार-दोन अक्षरं इकडची तिकडे सापडतात; इथे दोन बेटांवरच्या दोघांत पहिल्यापासून शेवटपर्यंत एका अक्षराचा फरक नव्हता. नातं कसलं, जनावर एकच. एकाचे दोन पाय दोन नळ्यांत गेले होते.

कसे गेले, तेही तिला समजलं, कारण गावाहून परतल्यावर ती बाटली तिने स्वतः धुतली होती, आणि तिला दारूचा वास येत होता. त्या फेरीत सर आधी रोडोसला उतरले, तिथून बोटीने क्रीटच्या पूर्वेकडच्या सितिया बंदरात आले. घळीत जायच्या वेळी स्पिरिट संपलं. दुसरा कुणी असता तर दुकान उघडेपर्यंत थांबला असता. पण क्रीटच्या माणसाला बाटली रिकामी झाली की एकच सुचतं, घरी गाळलेली द्राक्षाची दारू, राकी. खोकल्याला राकी, गुडघ्याला राकी, आलेल्या पाहुण्याला राकी, जाणाऱ्या पाहुण्याला राकी. मग विंचवाने काय घोडं मारलंय? सरांनी कुणाच्या तरी घरची राकी मागून घेतली आणि शेवटचे सगळे विंचू, रोडोसचे अन् घळीतले, एकाच बाटलीत सोडले. स्पिरिट मांसाला घट्ट धरून ठेवतं. घरगुती राकी पाणचट. तिच्यात आठवडाभरात सांधे सैल होतात आणि पाय गळून तळाला बसतात. तळाचा तसाच एक पाय कुणीतरी उचलला होता. आयता सुटलाय, कशाला कापा!

चूक होती. चुकीची तिला किळस नव्हती. तिच्या स्वतःच्या हातून बावीस वर्षांत काय कमी चुका झाल्या होत्या! तिने दोन्ही बरण्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि सरांच्या खोलीत गेली.

सरांनी शांतपणे ऐकलं. गोळी चघळणं थांबलं. चेहरा क्षणभर पिठासारखा झाला, आणि मग ते हसले.

"आठ मोजलेत? नक्की? बरं. बरणी ठेवून जा इथं. मी बघतो निवांत."

ती ठेवून आली. ठेवायला नको होती, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

बुधवारी सकाळी बरणी आपल्या जागी परत आलेली होती. अर्गिरोने ती उजेडात धरली आणि पुन्हा मोजलं. सात पाय. तिसरा डावा नव्हता.

"बघितलंत?" सर दारातच उभे होते. "काल मोजायला चुकलात तुम्ही. सातच आहेत. उपासाने चक्कर-बिक्कर येते का? तेल नाही, मासळी नाही, या वयात डोळ्यांवर परिणाम होतो हो. चष्म्याचा नंबर बघून घ्या."

तिने बरणी दिव्याजवळ नेली. चूक कुणाची ते तिला दिसत होतं. जुना काप स्पिरिटमध्ये तपकिरी पडतो. हा पांढराफटक होता, खोबऱ्याच्या कापासारखा ताजा. आणि सांध्यातून नव्हताच. मांडीच्या मधोमध, बोथट कशाने तरी दाबून, चिरडून तोडला होता. मेलेलं जनावर. त्याला काय दुखणार? पण जो साक्षीला उभा होता, त्याचा पाय रातोरात तोडून त्याला खोटी साक्ष शिकवली होती.

दुपारी ती कपबश्यांच्या मोरीत आपला कप धुवायला गेली. पाणी तुंबलं होतं. तिने जाळीत बोट घातलं. कॉफीचा काळा गाळ, सरांच्या पुदिन्याच्या गोळीचा चिकट कागद, आणि गाळात अडकलेलं काहीतरी टणक, सांधेदार. तिने ते वर काढलं. टोकाला दोन बारीक नखं.

आणि तिथेच, मोरीवर ओणवी होऊन, बावीस वर्षं रोज विंचू हाताळणारी ती बाई भडभडून ओकली. पोटात सकाळपासून काळ्या कॉफीशिवाय काही नव्हतं, तरी ओकली. पायाची नव्हती ती किळस. कापून झाल्यावर तो मोरीत टाकून, वरून कप विसळून, ओठ पुसत गेलेल्या हाताची होती.

तोंड धुऊन तिने तो पाय उचलला, शुद्ध पाण्याने सात वेळा धुतला आणि एका नळीत स्पिरिटमध्ये ठेवला.

त्या दिवशी घरी व्हिनेगर घातलेली मसूर होती. अर्गिरोने चमचा उचलला. मसुरीच्या काळपट रश्श्यात तिला कॉफीचा गाळ दिसला. चमचा खाली ठेवला.

"काय झालं?" गारिफालियाने डोळे बारीक केले. "मीठ जास्त पडलंय?"

"नाही गं. नको वाटतंय."

"अगंबाई! विंचवांच्या बाईला किळस आली?" गारिफालिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "इतकी वर्षं आम्ही नाक धरून बसलो, आज तुमची पाळी? कसली आली?"

"माणसाची."

"हात्तिच्या! ती तर मला रोज येते. तुमच्या भावाबरोबर संसार करते मी." पण हसता हसता तिने वन्संचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. तिने पाव आणि चार ऑलिव्ह पुढे सरकवले. "एवढं तरी खा. उपास वेगळा, उपाशी मरणं वेगळं."

गुरुवारी अर्गिरोने त्या पायातला डीएनए काढला. नेहमीसारखी क्रूसाची खूण केली. मनात आलं, याचा पाय मी काढलेला नाही, तरी याचं जे काय खरं आहे ते माझ्याच हातून बाहेर यावं. नळी रवाना केली. पावतीवर क्रमांक दोन हजार दोनशे सात आणि तारीख, उघड लिहून. लपवालपवी तिला जमणारही नव्हती.

शुक्रवारी तिच्या टेबलावर हलव्याचा डबा आला. तिळाचा, बदाम घातलेला. वर सरांच्या अक्षरात चिठ्ठी: 'तुमच्या उपासाला चालतो. खास तुमच्यासाठी. आणि हो, तेवढी सही!' डबा उघडाच होता. कोपऱ्यातला एक तुकडा चाखून बघितलेला. बोटाचा ठसा राहिला होता. तिने झाकण लावलं आणि डबा पुसायच्या फडक्याने उचलून जिन्याजवळ ठेवला. संध्याकाळी देवळात पानायियाची, म्हणजे मेरीमातेची, स्तोत्रं चालू होती. ती ओळीमागून ओळ म्हणत राहिली. लोकांबद्दल इतकी घाण मनात घेऊन देवासमोर उभं राहू नये हे तिला कळत होतं. उभी राहिली, कारण ती घेऊन दुसरीकडे जायचं तरी कुठे?

सोमवारी अक्षरं आली. मोरीतल्या पायाची. तिने ती पोलिक्सेनीच्या वंशवृक्षात लावली, आणि दोन हजार दोनशे सात कुठल्याही रोडोसला न जाता आपल्या घळीतल्या भाऊबंदांत मुकाट्याने जाऊन बसला. साधा, क्रीटचा, इथलाच.

तिने पोलिक्सेनीला बोलावलं. झाड तिचं होतं. तिला आधी कळायला हवं. मुलगी आली, कागदावरून नजर फिरवली आणि स्टुलावर बसली.

"हा नमुना कुठून आला, मावशी?"

"मोरीतून."

पोलिक्सेनीने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती रडत होती, पण आवाज न करता, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय.

"बाटलीतला सुटा पाय मीच उचलला होता. पहिलं वर्ष होतं. वाटलं, त्याचाच असेल. नंतर फांदी एवढी मोठी निघाली आणि सर सगळीकडे सांगत सुटले. मग शंका आली, पण बोलायची हिंमत झाली नाही. चार वर्षं, मावशी. ही फांदी काढली तर माझ्या झाडात राहतं काय?"

"झाड राहतं."

"साधं."

"साधं. पण आहे तसं."

मुलीने कागद मांडीवर ठेवला. मग तिने मान खाली घालून जे सांगितलं, ते ऐकायला नको होतं असं अर्गिरोला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं. "मंगळवारी संध्याकाळी बरणी मी धरली होती. माझा हात थरथरतो म्हणाले, नीट धर. नखं कापायच्या कटरने तोडला त्यांनी. स्वतःच्या किल्ल्यांना अडकवलेल्या." आणि एकदम पुढे झुकून तिने अर्गिरोचा हात धरला, त्याचं चुंबन घेतलं. "तुम्ही आईसारख्या आहात. माझ्यावर रागावू नका."

अर्गिरोने हात सोडवून घेतला. हळूच, पण घेतला. ओठ लागले होते तिथे ओल राहिली होती, आणि ती पुसल्याशिवाय तिला राहवेना. पोरीची दयाही आली. दया आणि शिसारी एका ताटात वाढल्यासारखी झाली होती. कुठला घास कुठला ते कळत नव्हतं.

"रागावले नाही," ती म्हणाली. "आता तूच सरांना सांग. कागद घेऊन जा. मी आले तर त्यांना वाटेल, बाई भांडायला आली."

पोलिक्सेनी गेली. कसं बोलली, किती बोलली, कुणास ठाऊक; पण मंगळवारी सकाळी सर नव्याच रूपात उगवले. गोळी, टक, खणखणीत आवाज, सगळं जागेवर.

"अर्गिरोबाई, शाबास! काल रात्रभर आम्ही विचार केला. ती फांदी काढून टाकतोय. लेखात लिहितोय, 'फेरतपासणीत लेखकांच्या असे लक्षात आले की'... विज्ञान असंच पुढे जातं. स्वतःची चूक स्वतः शोधतं!" त्यांनी असे हात पसरले, जणू समोर सभागृह होतं. "उलट आता लेख जास्त भारदस्त झाला. राकीत नमुने ठेवले की काय होतं, त्याचा एक परिच्छेदच टाकतो. जगभर वाचतील."

अर्गिरो ऐकत होती. जे घडायला हवं होतं तेच घडत होतं, आणि तरी तिची किळस जात नव्हती. खऱ्याला हात लावला तोही त्याच हातांनी. धुतले नव्हते.

"तेवढी पुस्तकाची ओळ," सर म्हणाले. "अक्षरं आता या पायाची. जनावराला सात पाय. रकान्यात लिहून टाका, 'हाताळताना तुटला'. आणि सही."

"तुटला नाही, सर."

"बाई!" सरांनी आवाज खाली आणला आणि जवळ आले. पुदिन्याचा वास तिच्या तोंडावर आला. "खरं जिंकलं ना? फांदी गेली ना? तुमच्या मनासारखं झालं ना सगळं? मग आता एका विंचवाच्या तंगडीवरून काय रामायण? कुणाचं नुकसान आहे त्यात?"

खरं तर कुणाचंच नव्हतं. तेच तर अवघड होतं. मोठं खोटं नाकारताना तिला एवढं बळ लागलं नव्हतं. ते समोरून आलं होतं, शिंगं घेऊन. हे छोटं, मऊ, सगळ्यांच्या सोयीचं, मांजरासारखं पायात घोळत आलं होतं. वर्षभराने कुणाला आठवलंही नसतं. फक्त त्या पुस्तकात चार हजार खऱ्या ओळींत एक तिच्या हातची खोटी राहिली असती, आणि ती कुठली ते तिला प्रत्येक वेळी पान उलटताना माहीत असतं.

"ज्याने काढला त्याने सही करायची, असा नियम आहे," ती म्हणाली. "विभागप्रमुखांची चालते."

"मी करू?"

"तुम्ही काढलात."

सर वळले आणि आपल्या खोलीत गेले. अर्गिरोने पुस्तक उचललं, पेन घेतलं आणि मागोमाग गेली. त्यांच्या टेबलावर पुस्तक उघडून ठेवलं, ओळीवर पट्टी लावली आणि बाजूला उभी राहिली.

"मला काम आहे," सर म्हणाले.

"हो. मी थांबते."

दहा वाजले होते. सरांनी पत्रं वाचली, दोन फोन केले. ती उभी होती. बसा म्हणाले तरी बसली नाही. लहानपणापासून ती देवळात उभी राहत आली होती. आईचा हात धरून, थंडीत, लांबच लांब प्रार्थनांना, पाय बधिर होऊन पुन्हा जागे होईपर्यंत. उभं राहण्यात तिचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. साडेदहाला सरांनी पुस्तक बंद करून बाजूला सारलं. तिने ते उघडून पुन्हा पट्टी लावली. अकराला ते ओरडले.

"हे काय चाललंय? धरणं धरलंय काय? पुढच्या महिन्यापासून तुम्हाला खाली तिकीट खिडकीत बसवतो, कळलं?"

"बरं, सर."

"शाळेची पोरं येतील झुंडीने. नाकं पुसत."

"येऊ देत."

दारातून दोनदा कुणीतरी डोकावून गेलं. बाराला महापालिकेची माणसं संग्रहालय बघायला यायची होती, आणि सरांना त्यांना खोलीतच कॉफी पाजायची होती. टेबलाजवळ काळ्या कपड्यातली एक बाई उघडं पुस्तक राखत उभी आहे, हे त्यांना कसं समजावणार? पावणेबाराला सरांनी घड्याळ पाहिलं. मग तिच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते बहुधा, म्हणजे तिच्यावर चिडता आलं असतं. राग नव्हता. गाळ उपसताना माणसाचा चेहरा जसा होतो, नाक आखडलेला, नजर बाजूला, तसा होता. तो बघून सरांच्या गालातली गोळी थांबली.

त्यांनी पेन ओढून घेतलं. रकान्यात लिहिलं: 'प्रमुखाने काढला'. तारीख घातली. नेहमीची लफ्फेदार सही त्यांना आली नाही. कशीबशी, ओळीबाहेर उतरलेली आली.

"झालं समाधान?"

"नाही, सर," अर्गिरो म्हणाली.

जिन्यात हसण्याचे आणि बुटांचे आवाज येत होते. तिने पुस्तक उचललं. शाई ओली होती म्हणून मिटता येत नव्हतं. दोन्ही हातांनी ते तिने अंगापासून लांब धरलं, मोरीतलं फडकं बाहेर टाकायला नेताना धरतात तसं, आणि पाहुण्यांना वाट देत, भिंतीच्या कडेकडेने आपल्या खोलीकडे गेली.